'सामान्य' हा शब्द आधीच भरून ठेवू नका

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, संगणकीय केसपेपरचे नमुने ठरवणाऱ्या समित्या आणि डॉक्टर-परिचारिकांचा अभ्यासक्रम आखणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

रुग्ण दाखल झाला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचे आणि जे आढळेल ते लिहायचे, ही रीत आपण आता फारच सोपी करून टाकली आहे. नव्या नमुन्याचा पडदा उघडला की डोके, डोळे, तोंड, मान, छाती, पोट, पाठ, हातपाय, त्वचा, मज्जासंस्था या सगळ्या रकान्यांत 'सामान्य' हा शब्द आधीच बसलेला असतो. काही निराळे दिसले तर तेवढे बदलायचे, नाहीतर सही करून पुढच्या रुग्णाकडे जायचे. या सगळ्याला दहा मिनिटे. त्याच दहा मिनिटांत ओळखपट्टी बांधायची, संमतीपत्रे भरायची, चालू औषधांची यादी करायची, ऍलर्जी विचारायची. दुसरीकडे अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णावरच्या तपासणीचे तास काढून ते पुतळ्यावरच्या सरावाला दिले जात आहेत.

हे आम्हाला मान्य नाही. आम्ही खाटेशेजारी उभे राहून तपासणी करणारे आणि ती शिकवणारे लोक आहोत. त्या 'सामान्य'खाली सही आमची असते, आणि उद्या काही बिघडले तर जाब नमुन्याला नाही, आम्हाला विचारला जातो. आमचा हितसंबंध हा असा आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा. पत्र उघड लिहितो आहोत, कारण ज्यांच्या अंगाची ही तपासणी आहे त्यांनाही आपल्या केसपेपरवरच्या त्या शब्दामागे काय असायला हवे हे कळले पाहिजे.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करतो. प्रत्येक माणसाची प्रत्येक वेळी नखशिखान्त तपासणी करा, असे आम्ही म्हणत नाही. बोटाला टाके घालायला आलेल्या धडधाकट माणसाची प्लीहा चाचपण्यात काही हशील नाही. कुठलाही त्रास नसलेल्या माणसांची दरवर्षी सरसकट तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात, असाही ठोस पुरावा नाही. पण ताप, धाप, गुंगी, पोटदुखी, पडणे, वजन घटणे अशा कारणाने जो दाखल होतो, जो स्वतःचे सांगू शकत नाही, किंवा ज्याचे निदान अजून झालेले नाही, त्याची एकदा तरी पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. आणि जिथे ती झाली नाही, तिथे झाली असे लिहिले जाऊ नये.

पहिली आणि मुख्य तक्रार याच आधी भरलेल्या शब्दाबद्दल आहे. रकाना रिकामा असला तर पुढच्या पाळीच्या माणसाला कळते की हे पाहायचे राहिले आहे. तो पाहतो. रकान्यात 'सामान्य' असले तर तो निर्धास्त होतो, आणि पुढे दाखल असेपर्यंत त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. एक पाय गुडघ्याखाली कापलेल्या रुग्णाच्या कागदावर 'दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात' असे छापून येणे या नमुन्यात सहज शक्य आहे. कृत्रिम डोळा असलेल्या माणसाच्या 'दोन्ही बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात' हेही. हे वाचून हसू येते, पण पुढचे दोन प्रकार हसण्यासारखे नाहीत.

समजा, रात्री रुग्णाचा डावा हात लुळा दिसला. तो आताच लुळा पडला की येतानाच अशक्त होता, यावर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही हे ठरते, कारण त्या औषधाची वेळमर्यादा 'शेवटचे ठीक कधी पाहिले' इथपासून मोजतात. दाखल करताना कोणी रुग्णाला दोन्ही हात समोर, तळवे वर करून, डोळे मिटून दहा सेकंद धरायला सांगितले होते का? सांगितले असेल तर उत्तर आहे. बटण दाबून 'सामान्य' आले असेल तर ते उत्तर खोटे असू शकते, आणि रात्रीच्या डॉक्टरला ते कळायला कुठलाच मार्ग नाही.

दुसरा प्रकार थेट आपल्या हिशेबाचा आहे. दाखल होताना पाठ पाहिली नाही, त्वचा 'सामान्य' लिहिली गेली, आणि तिसऱ्या दिवशी माकडहाडावर शय्याव्रण सापडला. रुग्ण तो घरूनच घेऊन आला असला तरी कागदोपत्री तो आता रुग्णालयात झालेला व्रण आहे. नातेवाइकांना काय उत्तर देणार? आपल्याच नमुन्याने आपल्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवला आहे.

दुसरी तक्रार वेळेची. दहा मिनिटांत काय काय मावत नाही, ते आकड्यांत सांगतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. तेही रुग्णाला न सांगता, कारण 'तुमचे श्वास मोजतो' म्हटले की माणूस निराळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीकडे वळवायची. निरोगी प्रौढाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की एका श्वासाच्या चुकीची चार होतात. वॉर्डातल्या तक्त्यावर नुसते १६, २० आणि २४ हेच आकडे दिसले तर समजावे, पंधरा सेकंद मोजले गेले. आणि सगळ्यांचेच १८ असतील तर कोणीच मोजलेले नाही! रुग्ण ढासळू लागतो तेव्हा रक्तदाब पडण्याच्या बऱ्याच आधी श्वासाची गती वाढते. म्हणजे सर्वांत आधी इशारा देणारा आकडाच आपण अंदाजाने लिहून मोकळे होतो.

रक्तदाबाचेही तसेच. पाठीला आधार, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि पाच मिनिटे शांत बसणे, इतके झाल्यावर पट्टा बांधायचा. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के हवी. जाड दंडावर छोटा पट्टा ओढूनताणून बसवला की दाब खोटा वाढलेला दिसतो. हात खाली लोंबत असला, रुग्ण बोलत असला, लघवी तुंबलेली असली तरी वाढतो. कानाने मोजताना आधी मनगटाची नाडी चाचपत पट्टा फुगवावा, नाडी गेली की आणखी ३० मिमी वर न्यावे आणि सेकंदाला दोन-तीन मिमी या गतीने सोडावे. ही आधीची पायरी गाळली तर काही रुग्णांत आवाज मध्येच गायब होणाऱ्या टप्प्यात आपण फसतो आणि वरचा दाब फारच कमी लिहितो. पहिल्या भेटीत दाब दोन्ही हातांत घ्यायचा. पडून आलेल्या, चक्कर येणाऱ्या रुग्णाचा दाब पाच मिनिटे आडवे ठेवून, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी घ्यायचा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर का येते याचा धागा हाती लागतो, पुष्कळदा तो औषधांच्या यादीत असतो. एवढ्या एका चाचणीलाच आठ-नऊ मिनिटे जातात. आपण आम्हाला सगळ्या कामाला दहा दिली आहेत. (जाता जाता: काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिमीच्या असतात. त्यावर घेतलेला दाब १२७ किंवा १३३ लिहिलेला दिसला तर तो वाचलेला नाही, सुचलेला आहे.)

बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर विसंबून बाकी सोडू म्हणाल, तर त्याचेही ऐका. बोटे गार असली, नखाला रंग असला की ते चुकते. गडद त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. धुरात सापडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनला असला तरी ते यंत्र निवांत ९८ दाखवत राहते.

तिसरी तक्रार आडोशाची आणि उजेडाची आहे. व्यवस्थापनाच्या बैठकीत ती कधीच विषयपत्रिकेवर येत नाही. कपड्यांवरून छाती ऐकली जाते, याचे कारण आळस हे असतेच, पण अनेकदा पडदा नसणे हे असते. गर्दीच्या खोलीत चार लोकांसमोर कोण सदरा काढील? स्टेथोस्कोप कापडावर घासला की जो खरखर आवाज येतो तो फुप्फुसातल्या आवाजासारखाच वाटतो, आणि खरा बारीक आवाज दबतो. फुप्फुसाचे खालचे भाग पाठीकडून ऐकायचे असतात. रुग्णाला बसवून, तोंड उघडे ठेवून जरा खोल श्वास घ्यायला लावून, डावी-उजवी बाजू एकाच पातळीवर ताडून पाहायची. निजलेल्या रुग्णाच्या छातीवर पुढून दोन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवून 'छाती स्वच्छ' लिहिले की पाठीमागे साठलेले पाणी सुटते. त्या पाण्यावर बोटाने ठोकले तर आवाज दगडासारखा बद्द येतो आणि श्वासाचा आवाज जवळजवळ नसतो. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या भागावरही आवाज बद्द येतो, पण रुग्णाला आकडे म्हणायला लावले की त्याचा शब्द तिथे जास्त स्पष्ट ऐकू येतो. दोन्हींतला फरक ओळखायला काही सेकंद पुरतात, मात्र रुग्णाला उठवून बसवावे लागते. दम्याच्या रुग्णाची छाती एकाएकी शांत झाली तर ते बरे होणे नसते, हवाच आत-बाहेर होत नसते. 'घरघर नाही' म्हणून रकाना 'सामान्य' राहू देणारा नमुना इथे जीव घेऊ शकतो.

उजेडाचे सांगायचे तर कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, दिवसाच्या उजेडात पाहायची. पिवळट दिव्याखाली हलकी कावीळ दिसत नाही. याउलट बाहुल्या मंद उजेडात पाहायच्या, आणि 'समान' असे न लिहिता आकार मिमीमध्ये लिहायचा, म्हणजे दोन तासांनी पाहणाऱ्याला तुलना करता येते. टॉर्च एका डोळ्यात टाकल्यावर दोन्ही बाहुल्या आकसतात का ते पाहायचे, मग तो एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झटकन न्यायचा. उजेड पडूनही बाहुली विस्फारली तर त्या बाजूच्या दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत, दोष आहे. मोबाइलच्या प्रखर दिव्याने हे होते खरे, पण रुग्ण डोळे घट्ट मिटून घेतो आणि पुढची पाच मिनिटे काही पाहू देत नाही.

तोंड तर आम्ही पाहतच नाही असे म्हटले तरी चालेल. कवळी काढायला सांगायची, जीभ गॉजमध्ये धरून एका बाजूला ओढायची आणि तिची कड व खालचा भाग पाहायचा. जिभेचा कर्करोग जीभ बाहेर काढून 'आ' करायला लावल्यावर दिसणाऱ्या भागात क्वचित असतो. तो कडेला आणि जिभेखाली दडतो. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा न खरवडणारा पांढरा-लाल चट्टा दिसला तर पुढे पाठवायचे. यासाठी लागतात हातमोजे, गॉजचा तुकडा, लाकडी पट्टी आणि टॉर्च. वॉर्डात या चार वस्तू एकाच वेळी, एकाच ट्रेवर सापडणे हा योगायोग असतो.

पाठ आणि त्वचा यांच्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथेच सगळ्यांत जास्त सुटते. रुग्णाला कुशीवर वळवल्याशिवाय माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू आणि खांद्यांची हाडे दिसत नाहीत. लालसर जागेवर बोट दाबून सोडायचे. लाली क्षणभर गेली नाही तर व्रणाची पहिली पायरी तिथे सुरू झाली आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, म्हणून हाताच्या पाठीने आजूबाजूच्या भागाशी तुलना करून ऊब, कडकपणा, सूज चाचपायची. ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे, मास्कखाली नाकाच्या दांड्यावर, कॅथेटरच्या नळीखाली मांडीवर असेच व्रण होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज घोट्यावर शोधून काही उपयोग नसतो, पाणी माकडहाडापाशी साठलेले असते. तिथे अंगठा निदान पाच सेकंद दाबून खळी पडते का ते पाहायचे. आणि पाठ पाहिली नाही तर आणखी एक गोष्ट सुटते: वेदनाशामक औषधाची त्वचेवर चिकटवलेली पट्टी. रुग्ण गुंगीत, श्वास मिनिटाला आठ, बाहुल्या टाचणीएवढ्या, रक्ताच्या तपासण्या सुरू, डोक्याचा स्कॅन मागवलेला, आणि कारण दोन खांद्यांच्या मधोमध चिकटलेले. काही पट्ट्या पारदर्शक असतात, त्यामुळे नुसती नजर टाकून भागत नाही, हात फिरवावा लागतो.

पोटाच्या तपासणीत क्रम बदलतो. पाहायचे, मग ऐकायचे, मग चाचपायचे आणि ठोकायचे. कुठे दुखते ते आधी विचारायचे आणि चाचपायला तिथून सर्वांत लांबच्या जागेपासून सुरुवात करायची. गुडघे वाकवलेले, हात ऊबदार, आणि नजर पोटावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर. यकृत आणि प्लीहा दोन्ही उजव्या जांघेच्या वरून शोधत न्यायच्या. थेट बरगडीखाली हात घातला तर खूप वाढलेल्या प्लीहेवरच आपला हात असतो आणि तिची कड सापडत नाही म्हणून ती 'लागत नाही' असे लिहिले जाते.

पण पोट जांघेपाशी संपते असा जो समज या नमुन्यात आहे, तो सगळ्यांत घातक. उलट्या आणि फुगलेले पोट घेऊन आलेल्या वृद्ध स्त्रीच्या जांघेत सुपारीएवढा, अडकलेला हर्निया असू शकतो. स्थूल शरीरात तो घडीखाली लपतो, बोटांनी शोधावा लागतो. पोट दुखते म्हणणाऱ्या किशोरवयीन मुलाच्या अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. लाजेने तो तसे सांगत नाही. पीळ सुटायला सहा तासांहून जास्त गेले तर अंडकोष वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते. आपल्या नमुन्यात जननेंद्रियांच्या रकान्यालाही 'सामान्य' भरलेले आहे. तिथे पाहायचे तर रुग्णाची संमती हवी, कारण सांगायला हवे, दार बंद हवे, रुग्णाला हवी असेल तर सोबतीला त्रयस्थ व्यक्ती हवी आणि जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा हवा. स्तनांच्या तपासणीलाही हेच. यातले काहीच न करता तिथे 'सामान्य' छापून येणे ही रुग्णाच्या शरीराबद्दल दिलेली खोटी साक्ष आहे.

चौथी तक्रार साहित्याची, ती थोडक्यात आटोपतो. रक्तदाबाचे तीन मापांचे पट्टे, टॉर्च, मोजपट्टी, लाकडी पट्ट्या, रिफ्लेक्स पाहायची हातोडी, कंप जाणवतो का ते पाहायचा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, स्पर्श कळतो का ते पाहायचा नायलॉनचा बारीक तंतू म्हणजे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. मधुमेहाच्या रुग्णाचे पाऊल तपासायला शेवटच्या दोन वस्तू आणि बोटांच्या बेचक्यांत पाहणारे डोळे पुरतात. पोटरीची सूज डोळ्यांनी ठरवू नये. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंमीहून जास्त असला तर शिरेतल्या गुठळीची शंका बळावते. हे सगळे साहित्य मिळून एका ट्रेवर मावते.

पाचवी गोष्ट तक्रार नाही, आपल्या युक्तिवादाला उत्तर आहे. 'स्कॅनमध्ये दिसेलच' असे आपण म्हणता. पुष्कळ गोष्टी दिसतात, आणि त्या बाबतीत आमचे कान-बोटे स्कॅनच्या पासंगाला पुरत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. स्टेथोस्कोपने न्यूमोनिया सुटतो. पोटात मोकळे पाणी दीड लिटरच्या आसपास साठल्याशिवाय कूस बदलून ठोकल्यावर कळत नाही, सोनोग्राफीत फार आधी कळते. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहण्याची जुनी चाचणी इतकी बेभरवशाची आहे की ती शिकवणेच बंद करावे. आतड्यांचे आवाज मिनिटा-मिनिटाने मोजत बसण्यातही फारसा अर्थ नाही. शिकवण्यातून काय गाळायचे याची यादी आम्हीच देऊ, आनंदाने. पण स्कॅन कुठला, कोणत्या भागाचा, किती तातडीने, हे हातच ठरवतो. बरगडीपाशी आग होते म्हणून हृदयाच्या तपासण्या सुरू असलेल्या माणसाच्या पाठीवर नागिणीचे पाण्याचे फोड असतात, ते स्कॅनमध्ये दिसत नाहीत. तापाच्या रुग्णाच्या अंगावरचे काचेचा पेला दाबूनही न मावळणारे लालजांभळे ठिपके दिसत नाहीत. कपाळाच्या बाजूची दुखरी, जाड झालेली धमनी कोणी चाचपली नाही, तर वृद्ध माणसाची डोकेदुखी 'साधी' ठरते आणि दृष्टी जाऊ शकते. डाव्या गळपट्टीच्या हाडामागे लागणारी कडक गाठ पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. ती सापडली की पोटाचा स्कॅन मागवला जातो, आणि सापडली नाही तर महिनोन्महिने आम्लपित्ताची औषधे चालू राहतात.

ठोकून पाहण्याची रीत १७६१ साली व्हिएन्नात औएनब्रुगर यांनी मांडली, स्टेथोस्कोप १८१६ मध्ये पॅरिसला लाएनेक यांनी बनवला. जुने आहे म्हणून टाकायचे असेल तर एकेक चिन्ह घेऊन, त्याचा उपयोग तपासून टाका. वेळ वाचवण्यासाठी सगळेच न पाहता, पाहिले असे लिहू नका.

सहावी तक्रार अभ्यासक्रमाची. पुतळ्यावर क्रम शिकता येतो, हे खरे. हातोडी कशी धरायची, ठोकताना डाव्या हाताचे मधले बोट छातीवर घट्ट आणि बाकीची उचललेली, मार मनगटातून आणि लगेच सुटा, हे पुतळ्यावर घोटावे. पण पुतळ्याची प्लीहा रोज एकाच जागी असते. पुतळा दुखले म्हणून पोट आवळत नाही, लाजत नाही, कण्हत नाही, झोपेतून उठवल्याबद्दल चिडत नाही. मानेतली शीर ४५ अंशांवर टेकवलेल्या रुग्णात कशी ओळखायची, ती धमनीपेक्षा निराळी कशी हलते, पोटाच्या उजव्या वरच्या भागावर दाब दिला की ती कशी चढते, हे पुष्कळ माणसांच्या माना पाहूनच डोळ्यांत बसते. वाढलेले ओळखण्याआधी निरोगी कसे असते ते हाताला माहीत व्हावे लागते, त्यालाच वेळ लागतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही की विद्यार्थी तपासत असताना शेजारी उभे राहून पाहणारे कोणी नसते. तो काय लिहितो ते वाचले जाते, हात कुठे ठेवतो ते कोणी पाहत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी चुकीचे लागलेले वळण निवृत्तीपर्यंत टिकते.

लहान मुलांचा आणि अपघाताचा नमुना तरी निदान वेगळा करा. तान्हे मूल शांत असेल तेव्हा आधी हृदय आणि छाती ऐकून घ्यायची. कान-घसा सगळ्यांत शेवटी, कारण त्यानंतर मूल रडणारच. नवजाताच्या जांघेतल्या नाड्या, डोळ्यातली लाल चमक, टाळू आणि खुब्याचे सांधे हे चार रकाने आपल्या नमुन्यात नाहीतच. अपघातात आधी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग कपडे काढून अंग पाहणे, आणि जीव स्थिर झाल्यावरच डोक्यापासून पायापर्यंत. मणक्याला इजा असण्याची शक्यता असेल तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने डोके धरून, रुग्णाला ओंडक्यासारखा एकसंध वळवून पाठ पाहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे अंग पाहायचे, कारण मोठ्या जखमेच्या गडबडीत मोडलेले बोट किंवा मनगट हमखास सुटते. 'एकदाच भरा आणि बंद करा' या आपल्या नमुन्यात या दुसऱ्या फेरीला जागा नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. नमुन्यातील प्रत्येक रकाना रिकामा उघडावा. त्यात 'सामान्य', 'असामान्य' आणि 'तपासले नाही' असे तीन पर्याय असावेत. तिसरा निवडल्यास कारण लिहायला एक ओळ असावी, आणि तो निवडल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाऊ नये. आमची सर्वांत महत्त्वाची मागणी हीच.

२. आदल्या दिवसाची तपासणी जशीच्या तशी उचलून आजच्या तारखेखाली चिकटवण्याची सोय बंद करावी.

३. वर सांगितलेल्या रुग्णांच्या पूर्ण तपासणीला किमान २५ मिनिटे कामाच्या आखणीत धरावीत, कागदकामाची वेळ त्यात मिसळू नये. ती एका बैठकीत होत नसेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत दोन भागांत पूर्ण करण्याची मुभा असावी.

४. पाठ आणि त्वचा दाखल होतानाच, दोघांनी मिळून पाहावी. वळवायला दुसरा माणूस उपलब्ध असणे ही वॉर्डाची जबाबदारी ठरवावी, एकट्या परिचारिकेची नव्हे.

५. प्रत्येक वॉर्डात सरकता पडदा, एक पांढऱ्या उजेडाचा दिवा आणि वर सांगितलेला साहित्याचा ट्रे असावा. पाळी बदलताना ट्रे मोजून हातात द्यावा.

६. परिचारिकेने नोंदवलेले चिन्ह आणि डॉक्टरने नोंदवलेले चिन्ह एकाच पानावर शेजारी-शेजारी दिसावे. आज ती दोन वेगळ्या पडद्यांवर असतात, आणि दोघे एकमेकांचे लिहिलेले वाचत नाहीत.

७. प्रत्येक विद्यार्थ्याची, जिवंत रुग्णावर, संमतीने केलेली संपूर्ण तपासणी दर सत्रात निदान एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिक्षकाने शेजारी उभे राहून पाहावी. पुतळ्याचे तास ठेवा, पण ते याच्या बदल्यात नकोत.

पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही, नमुना बनवणाऱ्याला एक सूचना पुरते. त्या लगेच अमलात आणाव्यात, आणि उरलेल्या पाचांपैकी कोणत्या कधी होतील, कोणत्या होणार नाहीत आणि का, हे आम्हाला लेखी कळवावे. 'तपासले नाही' हा पर्याय पडद्यावर येईपर्यंत, जे आम्ही पाहिलेले नाही त्या रकान्यातला 'सामान्य' आम्ही खोडू आणि शेरा म्हणून तीन शब्द लिहू: 'अद्याप तपासले नाही'. त्यामुळे दाखल होण्याला लागणारा वेळ आपल्या मासिक तक्त्यात वाढलेला दिसेल, याची कल्पना असावी.

आपले,
खाटेशेजारी तपासणी करणारे व ती शिकवणारे काही डॉक्टर आणि परिचारिका